माउथगार्डच्या तक्रारींचा रकाना

२ जून
मॅडमनी आज ही वही दिली. म्हणाल्या, "काका, माउथगार्डचं काम आपल्याकडे नवीन आहे. थोडं थोडं लिहून ठेवत जा. मापं कशी आली, शीट कुठली वापरली, तक्रारी काय आल्या." मी म्हटलं, तक्रारी येणार नाहीत. त्या म्हणाल्या, रकाना तरी आखून ठेवा. आखला.

वहीच्या पहिल्या पानावर माणसाने आपण कोण ते लिहावं. मी दातांचा कारागीर. दवाखान्याच्या मागच्या खोलीत सत्तावीस वर्षं कवळ्या बनवतोय. आधी मोठ्या डॉक्टरांकडे होतो, आता त्यांच्या मुलीकडे, म्हणजे मॅडमकडे. पेशंट माझ्याकडे येत नाहीत, त्यांची मापं येतात. रस्त्यात मला माणसं ओळखू येत नाहीत. हसली तर येतात.

४ जून
हॉकीच्या कोचबाई आल्या होत्या. त्यांचे वरचे पुढचे तीन दात मी बनवलेले आहेत, त्यामुळे जरा घरच्यासारखं वाटतं. त्यांच्या संघातल्या सोळा मुलींना गार्ड करून हवेत. चेंडू लाकडासारखा कडक, स्टिका डोक्यापर्यंत उचलतात, गेल्या वर्षी एकीचा ओठ फाटला, एकीचा दात अर्धा गेला. बाई म्हणाल्या, "एकच सांगते. गार्ड घालून पोरींना बोलता आलं पाहिजे. मैदानावर एकमेकींना हाका मारायच्या असतात."

मी म्हटलं, "खेळायला जातात की गप्पा मारायला?"

बाईंनी मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, "काका, टाळू मोकळी सोडा." मी हो म्हटलं.

सोळांतली एक आमचीच आहे. भिंगरी. नाव वेगळं आहे, पण घरात तिला त्या नावाने हाक मारली तर ती मागे वळून बघत नाही. वय सोळा. चालायला लागल्यापासून एका जागी बसलेली मी पाहिलेली नाही.

८ जून
सोळाही मापं आली. मॅडमनी घेतली, मी प्लास्टर ओतलं. भिंगरीचं मॉडेल सगळ्यात सुरेख आलंय, आणि हे मी बाप म्हणून लिहीत नाही. वरचे मधले दोन दात एका ओळीत. उजव्याच्या कडेला एक बारीक खळगा आहे, तिसरीत असताना नळाला आपटली होती तेव्हाचा. तोही मॉडेलमध्ये उतरलाय.

१५ जून
पहिला गार्ड तयार. प्लास्टिकची शीट गरम करून मॉडेलवर बसवली, थंड झाल्यावर कापली. इथे डोकं लावावं लागलं. वरची कवळी तोंडात धरते ती टाळूच्या जोरावर. या पोरींना तर धावायचंय. टाळू मोकळी सोडली आणि गार्ड खाली पडला तर नाव माझं जाणार. म्हणून टाळू झाकली, आणि शेवटच्या दाढेच्याही मागे दोन मिलिमीटर नेलं. पकड अशी बसली की ओढून काढावं लागतं. मॅडमना सांगितलं नाही, कारण त्यांनी विचारलं नाही.

घरी भिंगरीने घालून बघितला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बापाच्या कामाचं पोरीला एवढं वाटतं हे मला माहीत नव्हतं. "छान आहे, बाबा," म्हणाली. काढल्यावर म्हणाली.

ही ओट्यापाशी उभी होती. म्हणाली, "अहो, तिला ओकारी येतेय."

मी म्हटलं, सवय होईल. कवळीवाल्यांनाही पहिले पंधरा दिवस येते.

तक्रार: नाही.

२० जून
सोळा गार्ड, सोळा डब्या, प्रत्येकीवर नाव. कोचबाईंनी एक हातात घेऊन उलटा केला, बोटाने टाळूचा भाग दाबून बघितला आणि म्हणाल्या, "हं." कामाचं माणूस आहे, जास्त बोलत नाहीत.

तक्रार: नाही.

२९ जून
संध्याकाळी मैदानावर जाऊन आलो. मुली छान खेळतात, पण आरडाओरडा फार. बऱ्याच जणींनी गार्ड मोज्यात खोचून ठेवले होते. विचारलं तर एक म्हणाली, "हरवू नये म्हणून, काका." एवढी शिस्त हल्ली बघायला मिळत नाही.

तक्रार: नाही.

७ जुलै
भिंगरीची डबी उघडून गार्ड भिंगाखाली तपासला. अडीच आठवडे झाले, दाताची एक खूण नाही, एक ओरखडा नाही. मालही उत्तम आहे आणि पोरगी वस्तू जपून वापरते. हिला दाखवला. ही म्हणाली, "तुम्हाला खरंच काही कळत नाही का हो?" मग म्हणाली, जाऊ दे. रविवारी तिचं डोकं दुखतं.

तक्रार: नाही.

१३ जुलै
आज भिंगरीचा दात पडला.

साडेचारला मैदानावर होतो. पुढच्या मुलीने मारायला स्टिक मागे उचलली आणि ती मागे असलेल्या भिंगरीच्या तोंडावर बसली. आवाज मला कुंपणापाशी ऐकू आला. ती खाली बसली, हात तोंडावर, बोटांमधून रक्त. मी धावलो. तिने तोंड उघडलं तेव्हा मला आधी दातच दिसला नाही, म्हणजे तो जिथे असायला हवा तिथे दिसला नाही.

सगळ्या मुली मातीत गुडघ्यांवर बसून शोधत होत्या. मला सापडला. खळग्यावरून ओळखला. कोचबाई कँटीनमधून दुधाचा कप घेऊन धावत आल्या, "यात टाका, यात टाका!" असं ओरडत. दात, दुधात! माणूस घाबरला की काहीही करतो. मी म्हटलं, "बाई, मी सत्तावीस वर्षं दात हाताळतोय. दुधाने चिकट होईल." रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. बाईंनी त्यांच्या गाडीतून दवाखान्यात सोडलं, वीस मिनिटांत पोचलो. त्या वाटेत पुन्हा एकदा काहीतरी म्हणाल्या. मी भिंगरीकडे बघत होतो.

मॅडम तिला भूल देत होत्या. म्हणाल्या, "दात कुठेय, काका?" म्हटलं, आणतो, दोन मिनिटं. मातीने भरलेला दात मी आजवर कुणाच्या हातात दिलेला नाही. मागच्या खोलीत नळाखाली धरला, ब्रशने घासला. मुळावर काहीतरी गुलाबीसर चिकटलेलं होतं, ते निघेना. पॉलिशची पावडर लावली तेव्हा निघालं. पांढराशुभ्र झाला.

मॅडमनी तो दिव्याखाली धरून सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला. मग विचारलं, "मुळालाही ब्रश लावलात?"

"पावडरसुद्धा," मी म्हटलं.

"बरं," म्हणाल्या. कामाची तारीफ करायचा त्यांचा स्वभाव नाही. दात जागेवर बसवला, बारीक तार लावून शेजारच्या दातांना बांधला. पंधरा दिवस तार, मग बघू, म्हणाल्या.

एकुलती एक पोर आहे.

१४ जुलै
भिंगरीचा ओठ सुजलाय. पातळ खाते, बोलत नाही. मी विचारलं, "गार्ड घातला होतास ना?" तिने मान हलवली, म्हणजे हो. मग भिंतीकडे तोंड करून झोपली.

म्हणजे गार्ड तोंडात असताना दात पडला. हे मला समजत नाही. तक्रारीच्या रकान्यात काय लिहू? तक्रारच अख्ख्या दाताची आहे.

१८ जुलै
जेवणाच्या सुट्टीत प्रयोग. जुनी मॉडेलं घेतली, त्यांवर दोन, तीन, चार मिलिमीटरच्या शीटचे गार्ड बसवले आणि हॉकीचा चेंडू एक मीटरवरून सोडला. दोनवाल्याचा दात गेला. तीन आणि चारवाल्यांचे शाबूत. आपले गार्ड चारचेच होते.

मग स्टिकने मारून बघितलं. टेबलाचा कोपरा गेला.

२० जुलै
प्रयोग चालू. अकरा मॉडेलं फुटली. खोलीभर प्लास्टरचे दात. मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "काका, घरी जा." मी म्हटलं, दोष सापडल्याशिवाय नाही. शेवटी भिंगरीचं मॉडेल हातात घेतलं, तोच मार देऊन बघावा म्हणून. चेंडू उचलला. परत ठेवला. मॉडेल वरच्या फळीवर नेऊन ठेवलं.

भिंगरी शाळेतून परस्पर दवाखान्यात आली होती, तार दाखवायला. तिने खोलीतला पसारा बघितला. "हे सगळं माझ्यासाठी?" म्हणाली. म्हटलं, अगं, गार्ड कुठे चुकला ते शोधतोय. ती रडायला लागली. म्हटलं दुखतंय, मॅडमना हाक मारली. दुखत नाहीये, असं म्हणाली आणि गेली.

२४ जुलै
आत भूल देऊन दाताची नस काढली. मॅडम म्हणाल्या, करावंच लागतं. भिंगरीने डोळे मिटून माझा अंगठा धरून ठेवला होता. अंगठा अजून दुखतोय.

२८ जुलै
तार काढली. दात हलत नाही. जीव भांड्यात पडला. मॅडमनी मात्र एक्स-रे दोनदा बघितला, आणि म्हणाल्या, दर तीन महिन्यांनी काढायचा. मी म्हटलं, आता कशाला? त्या म्हणाल्या, बघावं लागतं.

तक्रार: नाही.

३१ जुलै
कोचबाई एक कागद घेऊन आल्या. मैदानावरच्या खोलीत लावायचाय, प्लास्टिकमध्ये घालण्याआधी "तुम्ही दातांतले, एकदा वाचून बघा" म्हणाल्या. मी चष्मा लावला.

दात पूर्ण निघून पडला तर. एक, वरचा पांढरा भाग धरून उचला, मुळाला बोट लावू नका. दोन, घासू नका, पुसू नका. फार माती असेल तर पाण्यात एकदा बुडवून काढा. तीन, शक्य असेल तर तिथेच जागेवर बसवा. नाहीतर दुधात ठेवा. कोरडा पडू देऊ नका. चार, अर्ध्या तासात डॉक्टर.

मी दोन नंबर पुन्हा वाचला. मग पुन्हा वाचला. बाईंना म्हटलं, शुद्धलेखन ठीक आहे.

त्या गेल्यावर मॅडमकडे गेलो. म्हटलं, मुळाला काय असतं? मॅडमनी हातातलं काम खाली ठेवलं. म्हणाल्या, मुळावर एक पातळ आवरण असतं, जिवंत. तेच दाताला हाडात धरून ठेवतं. ते गेलं की दात हाडाला नुसता चिकटतो आणि हाड हळूहळू मूळ खाऊन टाकतं.

"गुलाबीसर असतं?" मी विचारलं.

"हो, काका."

"किती वर्षं टिकेल?"

"सांगता येत नाही. तीन. दहा. कदाचित जास्त."

"मग त्या दिवशी मला का नाही बोललात?"

"बोलून काय झालं असतं? दात तर बसवायचाच होता."

सत्तावीस वर्षं मी दात बनवतोय. माझ्या एकाही दाताला मूळ नाही. मुळाचा दात त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या हातात आला, आणि तो माझ्या पोरीचा होता, आणि मी त्याला पावडर लावली.

१ ऑगस्ट
कामावर गेलो नाही.

३ ऑगस्ट
हिला सगळं सांगितलं. वाटलं होतं खूप बोलेल. ती डाळ निवडत होती, ताट बाजूला सारलं आणि माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "तिला सांगा. माझ्याकडून कळायला नको, आणि मॅडमकडून तर नकोच."

म्हटलं, उद्या सांगतो.

४ ऑगस्ट
सांगितलं नाही. तिची परीक्षा आहे.

५ ऑगस्ट
परीक्षा संपली. सांगितलं नाही.

७ ऑगस्ट
कोचबाई भेटल्या. त्यांना म्हटलं, त्या दिवशी तुमचं ऐकायला हवं होतं. मी दात घासला. बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "माझे तीन पडले ना, तेव्हा आमच्या सरांनी स्वच्छ पुसून कागदात बांधून दिले, घरी दाखव म्हणून. अजून आहेत माझ्याकडे. कोरडेठाक." मग त्यांचे वरचे तीन, म्हणजे माझे, दाखवत हसल्या. चांगले बसलेत. पहिल्यांदाच मला ते बघवले नाहीत.

८ ऑगस्ट
सांगितलं. ती टेबलाशी बुटांच्या लेस ओवत होती. मी उभ्याउभ्याच बोललो, नाहीतर बसल्यावर जमलं नसतं. दूध नको म्हटलं ते, ब्रश, पावडर, मूळ, सगळं क्रमाने.

ती म्हणाली, "म्हणजे हा दात पडणार?"

"आज नाही. पण कधीतरी."

"आणि तू घासला नसतास तर?"

"तर कदाचित नसता पडला."

तिने बूट खाली ठेवला. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. खोलीत गेली आणि दार लावलं, तेही हळूच. मी तिथेच उभा राहिलो. मग लेस ओवून ठेवली. मला खूप वाईट वाटतंय. दुसरं काही लिहिता येत नाही.

१० ऑगस्ट
दोन दिवस झाले, माझ्याशी बोललेली नाही. आईमार्फत मीठ मागते.

११ ऑगस्ट
दुपारी भिंगरी दवाखान्याच्या मागच्या खोलीत आली. टेबलावर तिची गार्डची डबी ठेवली. "बघ."

मी उघडली. म्हटलं, बघितलाय मी. एक ओरखडा नाही.

"अरे, मग कळत कसं नाही तुला?" ती म्हणाली. "चावलाच नाही तर ओरखडा कुठून येणार? मोज्यात होता त्या दिवशी. रोजच मोज्यात असायचा. सगळ्यांचेच. घातला की ओकारी येते, पास दे म्हणून ओरडता येत नाही, श्वास घेताना टाळूला चिकटून बसतो. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू डब्यांवर नावं किती जपून घातली होतीस!" असं म्हणून ती रडायला लागली. "माझ्यामुळे तू अकरा मॉडेलं फोडलीस."

मला राग यायला हवा होता. टेबलाचा कोपराही गेलाय. पण मला एवढंच वाटलं की पोरगी माझ्याशी बोलतेय. मी म्हटलं, "कुठे टोचतो ते बोटाने दाखव."

तिने दाखवलं. मी बारीक कात्री घेतली आणि टाळू कापली. सगळी. शेवटच्या दाढेमागचा भाग काढला. कड गरम करून गोल केली. दात पुन्हा बसवलाय, त्यामुळे नवीन माप घ्यावंच लागणार आहे, हा नुसता अंदाजाला, पण तिने घातला. मी म्हटलं, बोल काहीतरी.

"बाबा, तू फार हट्टी आहेस," ती म्हणाली. शब्द न् शब्द कळला.

मॅडम दारात उभ्या होत्या. "टाळू मोकळी सोडलीत," म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्हीच सांगितलं होतं.

तक्रारी, भिंगरी: १. ओकारी. २. बोलता येत नाही. ३. श्वास. तिन्ही मागच्या तारखेने लिहिल्या.

१९ ऑगस्ट
सोळाही गार्ड परत मागवले, सोळाही नवे केले. कोचबाईंना म्हटलं, माझं चुकलं होतं. त्या म्हणाल्या, "मी त्याच दिवशी 'हं' म्हटलं होतं."

२७ ऑगस्ट
तक्रारी: एकीच्या डाव्या बाजूला कड लागते. एकीचा सैल होतो. एकीला रंग आवडला नाही. दोघींच्या डब्या बदलल्या. एकीच्या कुत्र्याने चावला. एक म्हणते, पाणी पिताना काढायला वेळ लागतो. गोलकीपर म्हणते, ओरडून घसा बसला, तो गार्डमुळे. एकूण आठ जणींच्या.

एवढी चांगली बातमी या वहीत आजवर आली नव्हती.

१३ ऑक्टोबर
तीन महिन्यांचा एक्स-रे. मॅडमनी मलाही बघायला बोलावलं. मुळाच्या कडेला एका जागी किंचित धूसर दिसतंय. मॅडम म्हणाल्या, सुरुवात असेल, नसेलही. भिंगरी खुर्चीतून म्हणाली, "मला कळतंय बरं का, मी इथेच आहे."

नंतर ती मागच्या खोलीत आली. वरच्या फळीवरचं मॉडेल तिला दिसलं, अपघाताच्या आधीचं. आमच्याकडे मॉडेलं सहा महिन्यांनी टाकून देतात. "हे कशाला ठेवलंस?"

मी म्हटलं, "तो दात गेला की याच्यावरून बनवीन. हुबेहूब. खळग्यासकट."

तिने स्टुलावर चढून ते काढलं. मॉडेल उलटं केलं, माझ्या कानावरची पेन्सिल काढली, तळाला काहीतरी लिहिलं आणि परत फळीवर ठेवलं. ती गेल्यावर मी स्टूल घेऊन बघितलं. "घाई नाही" असं लिहिलंय.

मी स्टुलावरून खाली उतरायला जरा वेळ लावला.

२० ऑक्टोबर
भिंगरीला खेळायची परवानगी मिळाल्यानंतरचा पहिला सामना. हरलो, दोन-एक. पण मी काही सामना बघायला गेलो नव्हतो. कुंपणापाशी उभा राहून सोळा तोंडं बघितली. मोजे सगळे रिकामे. कोचबाईंच्या पिशवीत दुधाची बाटली होती, ती त्यांनी मला लांबून उंच करून दाखवली.

सामना संपल्यावर भिंगरीने गार्ड माझ्या हातात दिला, लाळेसकट, आणि पाणी प्यायला गेली. मी उजेडात धरला. सगळ्या दातांच्या खुणा आहेत. वरच्या उजव्या मधल्याचीसुद्धा, इतरांएवढीच खोल.

तक्रार: एक. मागे डावीकडे कड लागते, भिंगरी म्हणते. उद्या घासून देतो.